खोली करून राहणार असाल, तर आधी भात शिका

जून उजाडला की बेळगावात टिळकवाडी, अनगोळ, वडगाव, शहापूर या भागांत पोरं खोल्या शोधत फिरताना दिसतात. कुणी खानापूर तालुक्यातून कॉलेजसाठी आलेलं असतं, कुणी निपाणी-चिक्कोडीकडून उद्यमबागेत कामाला. बेळगावची पोरं त्याच दिवसांत पुण्याला नाहीतर बेंगळूरला निघालेली असतात. प्रत्येकाच्या पिशवीत आईनं दिलेली शेंगाचटणी, लोणचं आणि पाच किलो जोंधळ्याचं पीठ. चटणी आठ दिवसांत संपते. पीठ तसंच राहतं, कारण भाकरी कुणालाच येत नसते.

माझा भाचा गेल्या वर्षी असाच आला. पहिला महिना मेसचा डबा, दुसरा महिना मॅगी आणि पाववडा, तिसऱ्या महिन्यात ॲसिडिटीची गोळी. मग एका रविवारी मी त्याच्या खोलीवर गेलो आणि आम्ही भातापासून सुरुवात केली. त्या वेळी जे शिकवलं आणि त्याच्या चुका बघून मला जे कळलं, ते इथे लिहितोय. माझं मत असं की एकदम दहा पदार्थ शिकू नयेत. एक पदार्थ कंटाळा येईपर्यंत करावा, डोळे मिटून जमायला लागला की दुसरा. आणि शक्य असेल तर घर सोडायच्या महिनाभर आधी, आईच्या नाहीतर आजीच्या नजरेखाली. घरी करपलेला भात कोंबड्यांना जातो. खोलीवर करपला तर तोच जेवावा लागतो.

भांडी किती घ्यायची

थोडीच. तीन लिटरचा कुकर, झाकणासह दोन पातेली, एक कढई, एक लोखंडी तवा, परात, सांडशी, चिमटा, कलथा, एक बरी सुरी आणि मिसळणाचा डबा. नॉनस्टिक तव्याच्या नादी लागू नका. भाकरीला लागणारी आच त्याला सोसत नाही. आणि एक स्टीलची वाटी ठरवून टाका, कायमची. तांदूळ, डाळ, पीठ, पाणी, सगळं त्याच वाटीनं मोजायचं. पुढची सगळी मापं त्या एका वाटीची आहेत.

भात: पहिले आठ दिवस पातेल्यात

सगळे कुकरपासून सुरुवात करतात. मी पातेल्यातून करायला सांगतो, कारण पातेल्यात भात शिजताना दिसतो. कुकरच्या आत काय चाललंय ते कळत नाही, म्हणून चूक झाली तरी कुठे झाली ते समजत नाही.

एक वाटी तांदूळ दोन-तीन पाण्यांनी धुवा आणि पंधरा मिनिटं निथळत ठेवा. पातेल्यात दोन वाट्या पाणी उकळा, चिमूटभर मीठ टाका, मग तांदूळ सोडा. मोठ्या आचेवर झाकण न ठेवता उकळू द्या. चार-पाच मिनिटांत पाणी तांदळाच्या पातळीला येतं आणि वर छोटी छोटी भोकं दिसायला लागतात. हीच वेळ. आता गॅस अगदी बारीक, वर झाकण, दहा मिनिटं. मग गॅस बंद करून आणखी दहा मिनिटं झाकण न काढता ठेवायचं. या शेवटच्या दहा मिनिटांत भूक सगळ्यात जास्त लागलेली असते आणि माणूस झाकण काढतो. काढू नका, आतली वाफ उरलेलं शिजवत असते.

शीत मध्ये कच्चं राहिलं, तर दोन-तीन चमचे गरम पाणी शिंपडून पुन्हा झाकण ठेवून पाच मिनिटं. पाणी जास्त झालं, तर झाकण काढून मंद आचेवर ठेवा, ढवळू मात्र नका. तळाला लागला, तर वरचा भात हलक्या हातानं दुसऱ्या भांड्यात काढा. खालपर्यंत खरवडलं की करपट वास सगळ्या भाताला लागतो.

पाण्याचं माप तांदळाप्रमाणं बदलतं, हे आमच्या भागात तरी नीट समजून घ्यावं. खानापूरकडचा नवा तांदूळ सुगीनंतर घरोघरी येतो. नवा तांदूळ पाणी कमी ओढतो आणि चिकट होतो, त्याला दीड वाटी पुरते. इंद्रायणीचंही तेच, तो मुळातच मऊ. वर्षभर ठेवलेल्या जुन्या तांदळाला दोन, कधी सव्वादोन वाट्या लागतात. बेळगाव बासमती म्हणून आपल्याकडे जो वासाचा तांदूळ मिळतो, तो हात बसल्यावर आणा. शिकाऊ हातानं त्याचा लगदा करणं बरं नव्हे.

उरलेल्या भाताबद्दल एक गोष्ट. सकाळी फोडणीचा भात करायचा म्हणून रात्रभर ओट्यावर ठेवायची पद्धत आहे. उन्हाळ्यात ते टाळा. शिजवलेल्या भातात गरम हवेत जे जंतू वाढतात, त्यांचं विष पुन्हा गरम केल्यानंही जात नाही. फ्रिज असेल तर भात निवल्या निवल्या आत ठेवा, नसेल तर रात्री मोजूनच करा. एका वाटीचा भात एका माणसाला दोन वेळा होतो.

आमटी, म्हणजे खरं तर फोडणी

भात जमला की कुकर काढा. अर्धी वाटी तूरडाळ धुऊन दीड वाटी पाणी, पाव चमचा हळद आणि चार थेंब तेल घालून लावा. तेलामुळं डाळीचा फेस कमी येतो आणि शिट्टीतून पिवळं पाणी ओट्यावर उडत नाही. मध्यम आचेवर चार शिट्ट्या. वाफ आपोआप जिरू द्या, मग रवीनं घोटा.

इथपर्यंत कुणाचंही काही चुकत नाही. चुकते ती फोडणी, आणि ती चुकते क्रमामुळं. जे उशिरा तापतं ते आधी आणि जे लवकर जळतं ते शेवटी, एवढाच तिचा हिशेब. दोन चमचे तेल तापवा, मोहरीचा एक दाणा टाकून बघा. लगेच तडतडला तर तेल तयार. तळाशी गप्प बसला तर थांबा. मग अर्धा चमचा मोहरी. ती पूर्ण तडतडून शांत व्हायला आली की जिरं, हिंग, ठेचलेला लसूण, कढीपत्ता. लसूण कडेनं तांबूस झाला की गॅस बंद करा, आणि मगच तिखट घाला. तिखट काही सेकंदांत जळतं; जळलं की आमटी कडू होते आणि खोलीभर ठसका उठतो. लगेच घोटलेली डाळ ओता, वाटी-दीड वाटी गरम पाणी घाला, मीठ, सुपारीएवढा गूळ, दोन आमसुलं, आणि पाच मिनिटं खळखळून उकळू द्या.

तिखटाबद्दल सांगायला हवं. घरून आलेली संकेश्वरी मिरचीची पूड असेल तर अर्धा चमचा पुरे. ती जाळ आहे. ब्याडगीची असेल तर एक चमचाभर चालेल, तिला रंग जास्त आणि तिखटपणा कमी. दोन्ही मिसळून ठेवलेल्या उत्तम. आणि पुण्यात खोली केलीत, तर तिथल्या जोडीदाराला ‘आमटीत चटणी घाल’ असं सांगू नका. आपण कांदा-लसूण घातलेल्या तिखटाला चटणी म्हणतो. तो खोबऱ्याची आणून ओतेल.

आमटी आली की अर्धा स्वयंपाक आला. त्याच फोडणीवर बारीक चिरलेली मेथी परतून डाळ ओतली की डाळमेथी. भिजवलेले मसूर आणि भरपूर कांदा घातला की अख्खा मसूर. फोडणीत पाणी उकळून बेसन पेरलं की पिठलं, दहा मिनिटांत. तिखट-मीठ घालून अंडी फोडली की रात्री अकराला कामावरून येऊनही पोट भरतं. यांच्या कृती वेगळ्या लिहीत नाही, फोडणी येत असेल तर आईला एकदा फोन केला की जमतील.

भाकरी

आता अवघड भाग. भाच्याचा पंधरा दिवस रोज संध्याकाळी एकच फोन, ‘मामा, भाकऱ्या मोडूलाल्यात.’ पहिली भाकरी सगळ्यांचीच नकाशासारखी होते. आमच्या भागात तर तिची सीमाही वादग्रस्त असते. पण भाकरी मोडण्याची कारणं तीनच आहेत: पीठ, पाणी आणि मळणं. थापण्यात दोष क्वचित असतो.

पिठापासून बघू. सौंदत्ती, बैलहोंगल, रामदुर्गकडच्या काळ्या जमिनीतला जोंधळा चांगला, पण तो दळून किती दिवस झाले ते महत्त्वाचं. जुनं पीठ विरी जातं, म्हणजे त्याचा चिकटपणा जातो. ते कितीही मळा, थापताना भेगा पडणारच. आईनं दिलेलं पाच किलो पीठ महिनाभरानं न जमण्याचं कारण हेच. एका वेळी दोन किलोच दळून आणा आणि पंधरा दिवसांत संपवा.

मग पाणी. गव्हाच्या कणकेला ताणणारा जो चिकटपणा असतो, तो जोंधळ्यात नसतो. तो आपल्याला उकळत्या पाण्यानं आणावा लागतो. त्या पाण्यानं पिठातला स्टार्च थोडा शिजतो आणि पीठ धरून राहतं. म्हणून एक वाटी पीठ परातीत घ्या, मध्ये आळं करा, खळखळतं पाणी आधी अर्धी वाटी ओता आणि चमच्यानं कालवा. हात घालू नका, भाजेल. लागेल तसं आणखी थोडं पाणी. झाकून पाच मिनिटं ठेवा.

आता मळणं. हात ओला करून तळव्याच्या मुळानं पीठ रेटत चला. गोळा चोळून पुढं न्यायचा, गोळा करायचा, पुन्हा चोळायचा. चार-पाच मिनिटं. पोरं एक मिनिटात थांबतात. गोळा तळहातावर दाबून बघा. कडेला भेगा पडल्या तर अजून मळा. गुळगुळीत राहिला तर थापायला घ्या. एका वेळी एकाच भाकरीचं पीठ मळायचं.

परातीत कोरडं पीठ पसरा, लिंबाएवढा गोळा ठेवा. हो, लिंबाएवढाच, पहिल्या आठवड्यात बशीएवढी भाकरी पुष्कळ झाली. बोटांनी थापत, हलक्या दाबानं फिरवत न्या. फिरत नसेल तर खाली पीठ कमी आहे. तवा चांगला तापलेला हवा. भाकरी उचलून अशी टाका की पिठाची बाजू वर येईल, आणि लगेच त्या बाजूवर हातानं पाणी फिरवा. पाणी सुकत आलं, पण पूर्ण सुकलं नाही, तेवढ्यात उलटा. उशीर झाला की वर चिरा पडतात आणि मग ती फुगत नाही. दुसरी बाजू नीट, डाग पडेपर्यंत भाजू द्या. मग तवा बाजूला करून पहिली बाजू थेट जाळावर. पापुद्रा सुटून भाकरी टम्म फुगली की जो आनंद होतो, तो मी इथे लिहीत बसत नाही.

इंडक्शनवर राहणाऱ्यांना जाळ मिळत नाही. त्यांनी तव्यावरच स्वच्छ फडक्यानं कडा दाबत फिरवावी, बऱ्यापैकी फुगते. आणि ज्यांना एवढ्यावरही जमत नाही त्यांनी मन लहान करू नये. उत्तर कर्नाटकात कडक भाकरी विकत मिळते, कोरड्या डब्यात कित्येक दिवस टिकते आणि गरम आमटीत कुस्करून खायला झकास लागते. मी स्वतः पावसाळ्यात तीच आणतो.

कुकर आणि गॅस

माझ्या पहिल्या खोलीत मी एकदा वरण लावून अंघोळीला गेलो. शिट्टी काही वाजली नाही, धडाम् मात्र झालं. डाळीचं साल अडकून वाफेची नळी बंद झाली होती आणि सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला होता. कुकरनं आपलं काम केलं. नळी न धुण्याची चूक माझी. छतावरचा पिवळा डाग खोली सोडेपर्यंत तसाच होता. तेव्हापासून झाकण लावण्याआधी नळी उजेडाकडे धरून आरपार बघतो. कुकर दोन-तृतीयांशापेक्षा जास्त भरायचा नाही, डाळ आणि कडधान्य असेल तर अर्ध्यापर्यंतच. उडालेल्या व्हॉल्व्हच्या जागी त्याच कंपनीचा घ्या.

सिलिंडर घरी आला की दोन गोष्टी बघा. एक, वरच्या कड्याजवळच्या पट्टीवर अक्षर आणि वर्ष असतं. ए म्हणजे मार्चअखेर, बी जून, सी सप्टेंबर, डी डिसेंबर. ती त्या टाकीच्या पुढच्या तपासणीची मुदत. उलटून गेली असेल तर टाकी परत करा. दोन, टाकीवर रिकाम्या टाकीचं वजन लिहिलेलं असतं. त्यात १४.२ किलो मिळवले की भरलेल्या टाकीचं वजन यायला हवं. आणून देणाऱ्याकडे काटा असतो, मोजून मागा. लाजू नका.

गॅसचा वास आला तर दिव्याचं बटण चालूही करायचं नाही आणि बंदही. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, बाहेर पडा आणि १९०६ ला फोन करा. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत साचतो. म्हणून खाली अंथरूण टाकून झोपणाऱ्यांनी रात्री रेग्युलेटर बंद करायची सवय लावावी. कढईतल्या तेलानं पेट घेतला तर पाणी कधीच ओतू नका. गॅस बंद करून वर झाकण सरकवा. हात भाजला तर वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटं. टूथपेस्ट, हळद, बर्फ यातलं काही नको.

खोली, वीज, कपडे

खोली ताब्यात घेताना दोन फोटो काढून घरमालकाला लगेच पाठवा: भिंती-नळांचा एक, विजेच्या मीटरच्या आकड्याचा एक. निघताना डिपॉझिटवरून जे वाद होतात त्यातले बरेचसे या फोटोंनी मिटतात. करारपत्र अकरा महिन्यांचं असतं, कारण वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेकरार नोंदवावा लागतो.

वीज म्हणजे साधं गणित. हजार वॅटचं उपकरण एक तास चाललं की एक युनिट. दोन हजार वॅटचा गिझर किंवा इंडक्शन अर्ध्या तासात एक युनिट खातो. नऊ वॅटचा एलईडी दिवा तेवढ्यात शंभराहून जास्त तास जळतो. कर्नाटक सरकारच्या २०२३ मध्ये सुरू झालेल्या गृहज्योती या घरगुती मोफत विजेच्या योजनेत भाडेकरूलाही सवलत आहे. घरमालकाच्या मीटरवर तुमची नोंद होते का, ते आधीच विचारा. महिन्याला दोनशे युनिटांच्या वर गेलात की पूर्ण बिल येतं, त्यामुळं एका मीटरवर चार खोल्या असतील तर हिशेब आधी बोलून घ्यावा. वीज गेली तर १९१२.

कपड्यांबद्दल फार नाही. बेळगावच्या जुलैत जीन्स दोन दिवस वाळत नाही, म्हणून पावसाळ्यात जाड कपडे कमी आणा. सुई-दोरा ठेवा. बटण लावताना मध्ये काडेपेटीतली काडी धरून टाके घाला आणि मग ती काढा. बटणाखाली थोडी सैल जागा राहते आणि ते तुटत नाही.

पैशांचं एकच. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीच नाही. ‘पैसे पाठवलेत, पिन टाका’ म्हणणारा चोर समजायचा. तरीही फसलात तर लाजेनं दोन दिवस घालवू नका, त्याच घटकेला १९३० ला फोन करा. पैसे पुढच्या खात्यात जाण्याआधी अडवता आले तरच परत मिळायची आशा.

कन्नड वाचता येणं

सीमाप्रश्नावर तुमचं-माझं मत काय ते सगळ्यांना माहीत आहे. तो कोर्टात आहे. फॉर्म मात्र आज भरायचा असतो, आणि तो कन्नडमध्ये असतो. मी बऱ्याच हुशार पोरांना पाहिलंय, कॉम्प्युटर येतो, इंग्रजी येतं, आणि तलाठ्याकडच्या कागदावर आजोबांचं नाव कुठे आहे ते सापडत नाही. लिपी यायला दोन महिने पुरतात. अक्षरांचा क्रम आपलाच, क-ख-ग-घ. फक्त वळणं गोल. बसच्या पाट्यांपासून सुरुवात करा, कारण गावाचं नाव आधीच ठाऊक असतं. मग फॉर्मवरचे शब्द: हेसरु म्हणजे नाव, विळास म्हणजे पत्ता, तंदे म्हणजे वडील, अर्जी म्हणजे अर्ज, मोत्त म्हणजे रक्कम. दिनांक आणि सही तर आपलेच.

मग घरच्या जमिनीचा उतारा काढून वाचा. आपली म्हातारी माणसं सवयीनं सातबारा म्हणतात; कर्नाटकात तो पहाणी किंवा आरटीसी, आणि सरकारच्या ‘भूमी’ संकेतस्थळावर मिळतो. त्यावर तीन गोष्टी शोधा: सर्व्हे नंबर, एकर-गुंठ्यांतलं क्षेत्र (चाळीस गुंठ्यांचा एक एकर) आणि खातेदाराचं नाव. आजोबा जाऊन दहा वर्षं झाली आणि नाव अजून त्यांचंच असेल, तर वारसाची नोंद राहिली आहे. तिला इथे पौती खातं म्हणतात. हे काम आजोबांची भावंडं हयात असतानाच सोपं असतं. सोबत आधार, मार्कलिस्ट आणि पहाणीवरची नावं जुळतात का तेही पाहा. मराठी आडनावं कन्नडमध्ये आणि मग इंग्रजीत जाताना ‘ळ’चा ‘ल’ होतो, एखादा ‘कर’ गळतो, आणि नोकरी लागायच्या वेळी ते बाहेर येतं. जुन्या दाखल्यांवर गावाचं इंग्रजी नाव बेलगाम आणि २०१४ नंतरच्या कागदांवर बेळगावी असेल, त्याची मात्र काळजी नको.

बोलायला दुकानापासून सुरुवात करा. अक्की तांदूळ, बेळे डाळ, उप्पू मीठ, एण्णे तेल, एष्टु म्हणजे केवढ्याला. रविवार पेठेत किराणा भरायला गेलात की धीर करून विचारा, ‘अक्की एष्टु?’ दुकानदार तुमच्या तोंडाकडे बघेल आणि मराठीत भाव सांगेल.